ड्रॉइंग वाचणाऱ्यांचं शहर



दर उन्हाळ्यात आपल्या भागातल्या वास्तुकला महाविद्यालयांच्या भिंती भरून जातात. आकुर्डीला, निगडीला, पुण्यात कर्वेनगरला अंतिम वर्षाच्या मुलामुलींची कामं लागतात. मोठाले शीट असतात, पुठ्ठ्याची आणि लाकडी पट्ट्यांची मॉडेलं असतात, संगणकावर काढलेली रंगीत चित्रं असतात. ज्युरीला बाहेरगावचे आर्किटेक्ट येतात, दिवसभर प्रश्न विचारतात, गुण देतात. आईवडील येऊन फोटो काढतात. मग शीट गुंडाळले जातात आणि घरी माळ्यावर जातात. या कामांत शहराचं भविष्य हा विषय हमखास असतो. नदीकाठ कसा असावा, मेट्रो स्टेशनाभोवती काय बांधावं, बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेचं काय करावं. मी हा विषय शिकवत आलो आहे आणि या कामांबद्दल मला मनापासून आदर आहे. एकवीस-बावीस वर्षांची मुलगी आपल्या शहराचं पुढच्या तीस वर्षांचं चित्र काढायला बसते, ही लहान गोष्ट नाही. म्हणून आज मला बोलायचं आहे ते एवढ्यावरच की ही चित्रं कोणाला दाखवायची, आणि दाखवल्यावर पुढे काय व्हायला हवं.

शहराच्या भविष्याचं आणखी एक प्रदर्शन याच शहरात भरतं आणि ते कायद्याने भरतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यातल्या कलम २६प्रमाणे नियोजन प्राधिकरणाला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करावा लागतो, नकाशे लोकांना पाहायला ठेवावे लागतात, हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेने मे २०२५ मध्ये शहराचा सुधारित प्रारूप आराखडा असा प्रसिद्ध केला. अशा नकाशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाकडे कधी नीट पाहा. तो आपला गट नंबर शोधत असतो. आपल्या जागेवर रस्ता आलाय का, उद्यानाचं आरक्षण पडलंय का, शाळेचं पडलंय का, एवढंच त्याला पाहायचं असतं. सापडलं की तो खाली झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि हरकतीचा अर्ज भरतो. त्याची चिंता खरी आहे, त्यात त्याची आयुष्यभराची कमाई आहे. पण शेजारच्या गटात काय आहे, आपल्या वस्तीच्या मुलांना मैदान कुठे मिळणार, नाल्याचं पाणी पावसाळ्यात कुठून जाणार, हे त्या नकाशातून त्याला कोणी दाखवत नाही. त्याच आराखड्यातलं मोशीचं कत्तलखान्याचं आरक्षण मात्र सगळ्या महाराष्ट्राला कळलं. आषाढी वारीच्या तोंडावर वारकऱ्यांनी विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी ते रद्द करण्याचं जाहीर केलं. एका आरक्षणाबद्दल सबंध शहर बोललं. बाकीची शेकडो आरक्षणं ज्याची त्याने आपापल्या गट नंबराखाली वाचली.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या, आराखड्याची कहाणी याहून मोठी आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यावर साठ हजारांवर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. साठ हजार माणसांनी एका चित्राविषयी लेखी काहीतरी सांगितलं होतं. ते सगळं एकत्र वाचून त्यातून आपल्या भागाचं काय चित्र उमटतं, हे मांडणारं एकही प्रदर्शन माझ्या पाहण्यात आलेलं नाही. एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाच्या वर्गाने वर्षभर तेवढंच केलं असतं तरी मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

प्रदर्शन हे नगररचनेचं साधन आहे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ. मद्रासच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. शहरांवरचं आपलं प्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रं, छायाचित्रं, त्यांनी ‘क्लॅन ग्रँट’ नावाच्या बोटीने पाठवलं होतं. महायुद्ध सुरू झालं होतं आणि एमडेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. गेडिस यांच्या मित्रांनी नव्याने साहित्य जमवून पाठवलं आणि १९१५च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन उभं राहिलं. पुढे ते कलकत्त्याला गेलं, आपल्या नागपूरलाही गेलं. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा, देशातला असा पहिला कायदा, त्याच १९१५ सालचा. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले.

पण त्यांचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं प्रदर्शन सभागृहात झालंच नाही. होळकरांच्या इंदुरात प्लेगचं भय होतं. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि आधीच जाहीर केलं की ज्या रस्त्यांवरची घरं लोक सर्वांत स्वच्छ करतील, डागडुजी करतील, त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाईल. गल्लोगल्ली झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि शहर झाडणारे सफाई कामगार मानाने चालत होते. मग त्यांनी इंदूरचा जो अहवाल लिहिला तो १९१८चा. अहवाल ग्रंथालयात आहे, विद्यार्थी तो वाचतात. मिरवणूक मात्र आम्ही शिक्षकांनी एक गंमतशीर आख्यायिका म्हणून सांगितली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. खरं तर अभ्यासक्रमात ती आधी शिकवायला हवी होती.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. १९६५च्या जूनमध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाने मुंबईच्या भविष्यावर एक अंक काढला. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी त्यात मांडलं की मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर उभं करा. कागदावरचं चित्र होतं, पण सरकारने ते उचललं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहिली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगितली की त्याचे डोळे चमकतात, आणि चमकायलाच हवेत. पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी राहते. ज्या ९५ गावांच्या जमिनीवर ते शहर आलं, त्या गावांचा त्यात वाटा किती, हा प्रश्न ऐरणीवर यायला १९८४ उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या जानेवारीत उरण तालुक्यात जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. ‘मार्ग’चा तो अंक मी वर्गात दाखवतो तेव्हा जासईचं नाव फळ्यावर शेजारीच लिहितो.

आता आपल्याकडे येऊ. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि माळरानावर कारखान्यांचे ब्लॉक पडले. टेल्को, बजाज, एसकेएफ, ग्रीव्हज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीची शेकडो लहान वर्कशॉप. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार ग्रामपंचायती मिळून नगरपालिका झाली. १९८२ मध्ये महापालिका झाली. १९९७ मध्ये भोवतालची गावं आत आली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाख २७ हजार. त्यानंतर किती भर पडली हे रोज सकाळी नाशिक फाट्यावर उभं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

या वाढीचं चित्र वेळेवर काढलं गेलं नव्हतं असं मात्र नाही. १४ मार्च १९७२ रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कारखान्यात काम करणाऱ्यांना परवडणारी, आखीव घरं मिळावीत हा त्याचा उद्देश होता. सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते आखले गेले, बागा आखल्या गेल्या. निगडी प्राधिकरणात संध्याकाळी फिरायला गेलं की त्या चित्रातला चांगला भाग आजही दिसतो, झाडांची सावली अंगावर येते. पण चित्रातली जमीन ताब्यात यायला वर्षं गेली आणि कामगार तोवर थांबणार नव्हता. त्याने शेतकऱ्याकडून गुंठा घेतला, अर्धा गुंठा घेतला. वाल्हेकरवाडी, थेरगाव, रहाटणी, चिखली, तळवडे इथे घरं उभी राहिली. नोटरीच्या कागदावर व्यवहार झाले. वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हणून चढला. ज्यांच्यासाठी प्राधिकरण काढलं होतं तीच माणसं प्राधिकरणाच्या नकाशात अनधिकृत ठरली. त्यांच्यावर अनधिकृत बांधकामाचा दंड म्हणून शास्तीकर लागला, व्याज चढलं, निवडणुकांमागून निवडणुका त्याच आश्वासनावर लढल्या गेल्या, आणि २०२३ मध्ये सरकारने तो कर माफ केला. ज्यांची जमीन १९७२ ते १९८३ या काळात गेली, त्या शेतकऱ्यांची मुलं साडेबारा टक्के परताव्यासाठी कार्यालयांचे जिने चढत राहिली. २०२१ मध्ये प्राधिकरणच विलीन झालं.

विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात ही पन्नास वर्षं पहिल्या शीटवर असायला हवीत असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. भविष्याचं चित्र इथे एकदा काढून झालेलं आहे, ते वाईट नव्हतं, आणि तरीही असं का झालं, याचा तपास केल्याशिवाय दुसरं चित्र काढण्याचा आपल्याला अधिकार नाही. तपासाची जागा लांब नाही. निगडीच्या सेक्टर २२मध्ये ओटा स्कीम आहे. तयार घर न देता जागा आणि ओटा द्यायचा, घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचं, हे तिचं तत्त्व. हेच तत्त्व बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत वापरलं, १९९५ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला, आणि देशभरातली महाविद्यालयं तिथे अभ्याससहली नेतात. न्याव्यातच, ते थोर काम आहे. पण ओट्यावर एका पिढीत काय काय उभं राहिलं, जिना कुठे आला, शिवणयंत्र कुठल्या खिडकीशी बसलं, भाडेकरू कुठे राहिला, हे मोजायला आपल्याला रेल्वेचं तिकीट काढावं लागत नाही. त्याच सेक्टरमधल्या पुनर्वसनाच्या इमारती देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यामुळे, म्हणजे रेड झोनमुळे, न्यायालयात अडकल्या, हेही तिथेच पाहायला मिळतं.

रेड झोनचं नाव निघालं म्हणून सांगतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा या शहरावर फार आहेत. कोठाराची रेषा आहे. नदीची निळी पूररेषा आहे, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल पूररेषा आहे, शंभर वर्षांतल्या पुराची. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नव्हती. कारवाई कायद्याला धरून होती. पण पुंजी घालून ते घर घेणाऱ्याला ती रेषा जमिनीवर कुठे दिसली असती? नदीपात्राकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक खांब उभा करून त्यावर दोन पट्टे रंगवले, खाली निळा, वर लाल, तर लहान पोरालाही कळेल की पाणी इथवर येतं. ही कल्पना एखाद्या विद्यार्थ्याने मांडली तर तिला रंगीत चित्राची गरज नाही. खांब प्रदर्शनाच्या दारातच उभा करावा.

नद्यांबद्दल माझं आणखी एक निरीक्षण आहे. आपल्या भागाचे नकाशे समोर ठेवा. पवना तेवढी शहराच्या मधून जाते. मुळा पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या शिवेवर आहे, इंद्रायणी महापालिका आणि खेड तालुका यांच्या शिवेवर. म्हणजे पुण्याच्या नकाशात मुळा कागदाच्या कडेला, आपल्या नकाशातही कडेलाच. चिखली-मोशीच्या नकाशात इंद्रायणी वरच्या कडेला, तर चिंबळी-कुरुळीच्या नकाशात खालच्या कडेला. नदी मध्यभागी घेऊन दोन्ही काठ एका कागदावर काढणं कोणत्याच कार्यालयाचं काम नाही. देहू आणि आळंदी ज्या नदीवर आहेत, तिच्यावर वारीच्या दिवसांत पांढरा फेस तरंगतो, आणि तो कोणाच्या हद्दीतून आला यावर कार्यालयांची पत्रं चालतात. २००९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा या वास्तुकलेच्या प्राध्यापकांनी ‘सोक’ नावाचं प्रदर्शन मांडलं होतं. २६ जुलै २००५च्या दिवशी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचा तो विचार होता. त्यांचं म्हणणं असं की वरून पाहिलेल्या नकाशात पाणी आणि जमीन यांच्यात एक रेघ ओढली जाते आणि मग पाऊस ती रेघ ओलांडतो तेव्हा आपण त्याला आपत्ती म्हणतो. म्हणून त्यांनी नकाशांबरोबर जमिनीचे छेद काढले. आपल्याकडे असे छेद काढले तर चाकणच्या पठारावरून इंद्रायणीत उतरायचं, मोशीवर चढायचं, भोसरीवरून पवनेत उतरायचं. त्या एका कागदावर सांडपाणी कुठून कुठे जातं ते आपोआप दिसेल.

आणि पाणी कुठून येतं तेही काढायला हवं. नोव्हेंबर २०१९पासून या शहराला एक दिवसाआड पाणी मिळतं. पवना धरणातून बंद नळाने थेट पाणी आणायची योजना होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळच्या शेतकऱ्यांनी तिच्याविरुद्ध बऊरला द्रुतगती महामार्ग रोखला, पोलिसांनी गोळीबार केला, तिघे मरण पावले. त्यानंतर ती योजना वर्षानुवर्षं थांबली. दुसरं पाणी भामा आसखेड आणि आंद्रा धरणांचं, तिथल्या धरणग्रस्तांचीही आंदोलनं झाली. जासईचं नाव मी मघाशी घेतलं ते एवढ्यासाठी. विद्यार्थ्यांच्या शीटवर आकाशरेषा उंच जाते, बाल्कन्यांत झाडं दिसतात. त्या झाडांना पाणी कोणत्या तालुक्यातलं, हे शीटच्या तळाशी लिहिलेलं मला पाहायचं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सगळं कोणाला दाखवायचं? ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी भरते, त्यांची नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये झाली. या सभागृहात अशी पुष्कळ माणसं बसली आहेत ज्यांना मी काय म्हणतो ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. टर्नर, फिटर, मिलर, टूलरूममधली माणसं, क्वालिटीतली माणसं. मोरवाडीच्या आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा पहिल्या वर्षात प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन शिकतो. वास्तुकलेचा विद्यार्थीही पहिल्या वर्षात तेच शिकतो. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जॉबवर्कचं ड्रॉइंग येतं तेव्हा मशीनवरचा माणूस ते उलगडून वाचतो, मापं जुळतात का पाहतो, टॉलरन्स पाहतो, रिव्हिजन कितवी आहे ते पाहतो. जुन्या रिव्हिजनवर माल काढला तर सगळी बॅच रिजेक्ट होते. मापात चूक दिसली तर तो ड्रॉइंग परत पाठवतो, आणि ड्रॉइंग ऑफिसला ते दुरुस्त करावं लागतं. तिथे कोणी त्याला म्हणत नाही की हा तांत्रिक विषय आहे, तुला कळणार नाही.

महाराष्ट्रात दुसरं कुठलं शहर असेल जिथे इतकी माणसं रोज पोटासाठी ड्रॉइंग वाचतात? आणि याच शहरात विकास आराखडा लोकांना समजत नाही असं गृहीत धरून आपण तो टेबलावर पसरून ठेवतो आणि मुदत संपायची वाट पाहतो. वास्तुकला महाविद्यालयांनीही तेच गृहीत धरलं आहे, म्हणून त्यांचे शीट इंग्रजीत असतात आणि ज्युरी बाहेरगावची असते. ही गोष्ट बदलता येण्यासारखी आहे आणि तिला फार पैसे लागत नाहीत. शीट मराठीत करा, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेल्यांसाठी हिंदीतही करा. ज्युरीत एक टूलरूमचा निवृत्त माणूस बसवा, एक घरकाम करणारी बाई बसवा जी चार सोसायट्यांच्या जिन्यांनी रोज चढते-उतरते आणि जिला कोणत्या रस्त्याला फुटपाथ नाही हे पाठ आहे. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा रकाना असतो तसा प्रत्येक शीटवर ठेवा. बघणाऱ्याने तिथे चूक लिहावी, विद्यार्थ्याने सेमिस्टर संपायच्या आत दुसरी रिव्हिजन काढावी.

अशी माणसं समोर उभी राहिली तर विषयही बदलतील. उदाहरण म्हणून बंद कारखान्यांच्या जमिनी घ्या. मुंबईत १९९१च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी मिळायचा होता. १९९६ मध्ये कोरिया समितीने सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा दिला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची होईल. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला आणि गिरणगावातली मैदानं कागदावरच राहिली. पिंपरी-चिंचवडमध्येही जुन्या कारखान्यांच्या आवारात आता निवासी टॉवर उभे राहत आहेत, प्लॉटमागून प्लॉट. एकेका प्लॉटचं चित्र बिल्डरच्या ब्रोशरमध्ये दिसतं. सगळ्यांचं मिळून चित्र कोण काढणार? आकुर्डीला बजाजचं दुचाकी उत्पादन २००७च्या सप्टेंबरमध्ये थांबलं तेव्हा तिथे आता कारखाना चालणार नाही असं सगळेच समजून गेले होते. २०२२च्या जूनमध्ये त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. म्हणजे कारखान्याची जागा कारखान्यासाठी राखणं हेही शहराचं भविष्य असू शकतं. माझं मत विचाराल तर प्रत्येक जुन्या कारखान्याच्या जमिनीचा काही भाग लहान वर्कशॉपना भाड्याने मिळायला हवा. नाहीतर भोसरीचं काम वाढत्या भाड्यापायी लांब जाईल आणि कामगार त्यामागे दोन-दोन तास बसमध्ये काढेल.

तो आज काढतोच आहे. चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या पहाटे निघतात. बजाजचा एक कारखाना तिथे १९९९ मध्ये निघाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्रा. चाकण त्याआधी कांद्याची बाजारपेठ म्हणून आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाविरुद्ध लढवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखलं जाई. नगरपरिषद झाली ती २०१५ मध्ये. एमआयडीसीच्या प्लॉटचं नियोजन एमआयडीसी करते, बाहेरचं पीएमआरडीए करते, चाकणपुरतं नगरपरिषद पाहते, आणि नाणेकरवाडी, महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी इथे रोजचा कचरा आणि पाणी ग्रामपंचायतीच्या गळ्यात. कारखान्याच्या फाटकापर्यंत काँक्रीटचा रस्ता आहे. पाळी सुटल्यावर कंत्राटी कामगार जिथून चालत खोलीवर जातो ती वाट कोणाच्याच नकाशात नाही. त्या खोल्या शेतकऱ्यांनी बांधल्या. जमीन कंपनीला गेली, उरलेल्या तुकड्यावर दहा-बारा खोल्या काढल्या, पुढे संडास, वर पत्रा. एका खोलीत चार-पाच पोरं, दिवसपाळीचं पोर उठतं त्या जागेवर रात्रपाळीचं झोपतं. कारखान्यांच्या या पट्ट्याची खरी वसाहत ही आहे आणि तिचं एकही प्रमाणबद्ध रेखाटन महाविद्यालयांच्या भिंतीवर मी पाहिलेलं नाही.

चाकण आज तिथे उभं आहे जिथे पिंपरी १९७०-७२ला होतं. ग्रामपंचायती आहेत, कारखाने आले आहेत, माणसं आली आहेत, मोठ्या शहराची चर्चा सुरू आहे. पिंपरीला जे चुकलं ते इथे अजून पूर्ण चुकलेलं नाही. म्हणून पुढचं प्रदर्शन महाविद्यालयाच्या आवारात भरवू नये. चाकणच्या मार्केट यार्डात शनिवारी बाजार असतो, आसपासच्या गावांतला शेतकरी तिथे येतो आणि आठवड्याची सुट्टी असलेले कामगारही येतात. तिथे चार मांडव घालावेत. एका मांडवात नदी मध्यभागी घेतलेला छेद असावा. एकात १९७२चा प्राधिकरणाचा नकाशा आणि त्याच जागेचा आजचा नकाशा. एकात महाळुंगे-नाणेकरवाडीच्या खोल्यांची मापं, भाड्यासकट, संडास किती माणसांमागे एक आहे त्यासकट. चौथा मांडव रिकामा, फक्त मोठे कोरे कागद, पट्ट्या आणि पेन्सिली. तिथे गावचा माणूस आणि परप्रांतातून आलेला कामगार एकाच कागदावर काढतील. वादही होतील. झालेले वाद लिहून ठेवावेत, कारण पीएमआरडीएचा नवा आराखडा कधीतरी येणारच आहे आणि त्या वेळी एकेकट्या गट नंबराच्या साठ हजार अर्जांऐवजी गावागावांनी मिळून काढलेली ड्रॉइंग्ज हरकत म्हणून दाखल करता येतील. कायद्याने त्याला कुठेही मनाई केलेली नाही. आवक क्रमांक घ्यायचा, सुनावणीची तारीख मागायची, आणि सुनावणीला ती ड्रॉइंग्ज ज्यांनी काढली त्यांनीच जायचं.

आकुर्डी आणि निगडीच्या महाविद्यालयांतले काही प्राध्यापक आज इथे आले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या सत्रात तिसऱ्या वर्षाच्या एका वर्गाला खोल्यांच्या मोजमापाचं काम द्यावं. परवानगी घरमालकाची आणि राहणाऱ्यांची, दोघांचीही घ्यावी. पाळीच्या वेळा सांभाळून जावं, रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो. मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मला कळवा, मी येईन.